मुक्या सोमवारची हॅलिडे

“अहो… जरा ऐकता का? लिलावाचा बंगला कुठल्या अंगाला आला?”

चिंचवडच्या धनेश्वराच्या पायऱ्या उतरता उतरता शालन जागच्या जागी थबकली. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती. पाठोपाठ हळदीसारखं ऊन पडलं होतं आणि पायरीपायरीवर ओली बेलपानं चमकत होती. खालच्या पायरीवर एक तरुण उभा होता. पॅंटच्या कडा चिखलानं माखलेल्या, काळी टोपी थोडी तिरकी, आणि बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी… तान्ह्या पोराला धरावं तसं जपून धरलेलं.

“मी पुण्याहून आलोय,” तो म्हणाला. “त्या हॅलिडे मोटारीचा लिलाव आहे ना आज, तिकडे जायचंय. एक जण म्हणतो आकुर्डीच्या वाटेला जा, दुसरा म्हणतो नदीकडे. तुम्ही इथल्याच दिसता…”

हॅलिडे! म्हणजे हाही त्याच गाडीवर डोळा ठेवून आलेला!

ती गाडी म्हणजे काही साधीसुधी गाडी नव्हती. विलायतेतली हॅलिडे कंपनी लढाईच्या आधीच बुडाली, कारखान्याला टाळं लागलं. आपल्या मुलखात आलेल्या तिच्या बहिणी एकेक करून भंगारात गेल्या, आणि सगळ्यांत शेवटची ही एकच उरली होती. आकुर्डीच्या वाटेवर वकीलसाहेबांच्या बंगल्यात, त्यांच्या पश्चात धूळ खात उभी. साहेब गेले, वारस मुंबईत राहणारे, त्यांनी सामानासकट गाडीही लिलावात काढली.

शालनच्या मनात क्षणभर वाकडं आलं. नदीकडे बोट दाखवलं तर…? पवनेला पाणी चढलंय, चिखल तुडवत जाईल, तास-दीड तासानं परत येईल. तोवर लिलाव आटोपलेला असेल. एक बोट तर वळवायचं!

पण मागे गाभाऱ्यात घंटा वाजली. देवाच्या पायरीवर उभं राहून, व्रताच्या दिवशी, बोटानं का होईना… खोटं? तिनं हात उचलला आणि आकुर्डीच्या वाटेकडे सरळ बोट दाखवलं.

“उपकार झाले. किती लांब असेल?”

शालननं बोट पुन्हा त्याच वाटेकडे केलं.

“म्हणजे, चालत जाता येईल ना?”

शालननं मान हलवली. तो बुचकळ्यात पडला. तेवढ्यात बेलफुलं विकणारी म्हातारी टोपलीआडून म्हणाली, “अवो पावणं, त्या बोलायच्या न्हाईत. मुका सोमवार हाय त्यांचा. दिवं लागेस्तोवर शबुद न्हाई.”

“असं होय!” त्याच्या डोळ्यांत खट्याळ हसू उमटलं. “म्हणजे आज यांना कुणी काहीही म्हटलं तरी उलट उत्तर यायचं नाही?”

शालननं अशी काही नजर टाकली, की त्यानं एक पायरी माघार घेतली.

“आलं उत्तर!” तो म्हणाला आणि हसत हसत वाटेला लागला.

शालनचा हा मुका सोमवार हौसेचा नव्हता. तिचे वडील उद्धवराव एके काळी पुणे-नाशिक रस्त्यावर स्वतःची मोटार सर्व्हिस चालवायचे. एसटी आली, सर्व्हिस बंद झाली, पण मोटारींचा नाद काही सुटेना. जिथे कुठे जुनी, कंपनीनं सोडून दिलेली गाडी दिसेल ती घरी आणायची, पत्र्याच्या शेडखाली उभी करायची आणि लेकरासारखी पुसत बसायची. गावानं त्या शेडला नाव ठेवलं होतं, मोटारींचा पांजरपोळ! उद्धवरावही हसायचे. “म्हातारपणी सगळ्यांनाच आसरा लागतो,” म्हणायचे.

चैत्रात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. शेडकडे पाहणंसुद्धा त्यांनी टाकलं. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शालनला आई नव्हती. कुणाला सांगणार? तिनं महादेवालाच सांगितलं, “बाबांची वाचा तू ठेवून घेतलीस, तर श्रावणी सोमवारची माझीही घे. पण त्यांची परत दे.”

आणि मग लिलावाची जाहिरात आली. उद्धवरावांनी डाव्या हातानं तो कागद ओढून घेतला आणि हॅलिडेच्या नावावर बोट आपटत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. सारं जग विसरलं असेल, पण शालनला ठाऊक होतं. याच हॅलिडेतून बाबांनी आईला लग्न करून चाकणहून घरी आणलं होतं. वकीलसाहेबांनी वरातीसाठी दिली होती गाडी. ती शेडमध्ये आली तर बाबा भिंतीकडची कूस बदलतील, अशी शालनची खात्रीच झाली होती.

बोली बोलायला रहाटणीचे मामा यायचे होते. पण पवनेनं वाट अडवली, नाव बंद झाली आणि मामा पलीकडच्या काठावर अडकले. शालन एकटीच बंगल्यावर पोचली.

आवारात माणसं जमली होती. झाडाखाली टेबल मांडून लिलाववाले रंगराव बसले होते. आणि मधोमध, धुऊन पुसून उभी केलेली… हॅलिडे. गर्द हिरवी. चाकांच्या पिवळ्या काड्या, वर कापडी टप, आणि पुढचे दोन दिवे विचारात पडलेल्या बाईच्या डोळ्यांसारखे. शालननं दुरूनच तिला हात जोडले. आई बसली होती ती बैठक तिच्यातच होती!

“मंडळी, नियम ऐका,” रंगरावांनी लाकडी हातोडा आपटला. “बोली तोंडानं बोलायची. हात हलवलेला चालणार नाही. मागे एकानं माशी हाकलली नि बैलगाडी त्याच्या गळ्यात पडली. वर्षभर भांडत होता माझ्याशी! तेव्हा आवाज पाहिजे.”

शालनचे बोलणारे मामा तर पलीकडच्या काठावर! ती पुढे झाली, अनामतीची पावती दाखवली, ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले.

“मुकी आहेस का पोरी?”

तिनं नाही म्हणून मान हलवली.

“मग बोल की!”

लोक हसले. शालनचा चेहरा लाललाल झाला. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, “मौन आहे त्यांचं. दिव्यापर्यंत.”

तोच! टोपी अजून तिरकीच होती.

“मौनाचं पुण्य मोठं,” रंगराव म्हणाले, “पण लिलावाला आवाज लागतो. तिच्या वतीनं कुणी बोलणारं आहे का?”

कुणीच पुढे येईना. परक्या पोरीच्या पैशाची जोखीम कोण घेणार? तो तरुण क्षणभर घुटमळला… आणि म्हणाला, “मी बोलतो.”

“तुम्ही? अहो ज्योतीरामपंत, तुम्ही तर स्वतःच गाडी घ्यायला आलात!”

“हो. माझीही बोलेन, त्यांचीही बोलेन. त्यांनी बोटं दाखवायची, मी आकडा सांगायचा.”

“म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध बोली? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“लिलावाच्या नियमात डोक्याचं काही नाही,” ज्योतीराम म्हणाला. मग शालनजवळ येऊन हळूच पुटपुटला, “सकाळी मला नदीत पाठवता आलं असतं तुम्हाला. कळलं मला ते, तुमचं बोट जरा अडखळलं होतं. पण वाट खरी दाखवलीत. त्या बोटाची बोली मी खोटी सांगणार नाही.”

शालननं मान खाली घातली. कानशिलं मात्र तापली होती.

आणि चिंचवडनं कधी पाहिला नसेल असा लिलाव सुरू झाला! ज्योतीरामनं सोय लावली. टोपी डोक्यावर, तर बोली स्वतःची. टोपी हातात, तर बोली शालनची.

“आठशे!” टोपी डोक्यावर.

शालननं बोटं दाखवली. टोपी हातात. “नऊशे!”

“हजार!” मागून दणदणीत आवाज आला. चाकणचे दौलतराव बागाईतदार. भरघोस मिशा, खांद्यावर उपरणं.

“दौलतराव, तुम्हाला कधीपासून जुन्या गाड्यांचा शौक?” रंगरावांनी विचारलं.

“शौक कसला! मला इंजिन पायजे. भीमेवरनं पाणी वढायला. मागचं अंग कापून काढलं की कांद्याच्या गोणीबी जात्याल.”

ज्योतीरामनं छातीवर हात ठेवला. “अहो दौलतराव, जगात एकच उरलीय ही!”

“मग माझा कांदा तरी दुसरा कुठं हाय, बाबा? पाण्याबिगर वाळाया लागलाय, पाऊस निस्ता तुमच्या पुण्याकडंच पडतोय. मी काय वैर धरून आलोय का?”

त्यात खोटं काहीच नव्हतं. शालनला त्यांचाही राग येईना. पण गाडी कापायची? आई जिथे बसली ती मागची बैठक?

बोली चढत गेली. टोपी वर, टोपी खाली. लोकांना तर तमाशाच झाला. “आता टोपी हातात, आता पोरगी वरचढ!” कुणीतरी ओरडलं. एकदा शालननं बोट दाखवलं तेव्हा ज्योतीरामची स्वतःची बोली सर्वांच्या वर होती. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यानं तिच्या बोटाकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं… अगदी हरवत चाललेल्या वस्तूकडे पाहावं तसं. आणि टोपी काढली.

“यांचे चौदाशे.”

शालनच्या काळजात काहीतरी हललं. बेलाच्या पानावरचा थेंब ओघळावा, तसं.

“पंधराशे!” दौलतराव.

“साडेपंधराशे,” ज्योतीराम. टोपी डोक्यावर.

“सोळाशे!”

मामांनी ठरवून दिलेले शालनचे सगळे पैसे संपले होते. तिनं ज्योतीरामकडे पाहिलं. त्यानं रिकामे तळहात दाखवले. त्याचेही संपले होते.

“सोळाशे एक वार…”

दौलतरावांनी उपरणं सावरलं.

“सोळाशे दोन वार…”

शालनचे ओठ उघडले. शब्द अगदी जिभेवर आला होता. थांबा! एवढं एकच म्हणायचं. हातोडा थांबेल, गाडी वाचेल… पण बाबांची वाचा? देवाला दिलेलं परत कसं घ्यायचं? तिचे डोळे भरून आले.

ज्योतीराम घाईनं तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “नका! नका बोलू. खूण करा, काहीही खूण करा, मी आहे ना!”

शालननं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग त्याच्याकडे बोट केलं. आणि दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींत गुंफल्या.

ज्योतीराम पाहतच राहिला. त्यानं टोपीकडे पाहिलं… डोक्यावर ठेवावी की हातात? शेवटी ती त्यानं हॅलिडेच्या बॉनेटवर ठेवून दिली.

“दोन हजार! दोघांचे मिळून!”

दौलतरावांनी मिशीवरून हात फिरवला. शालनकडे पाहिलं, तिच्या गुंफलेल्या हातांकडे पाहिलं, आणि हसले. “घ्या रं बाबांनो. पोरीनं तोंड न उघडता मला गप केलं! मी आपला ऑईल इंजिन बघतो एखादं.”

तिसऱ्यांदा हातोडा पडला. रंगरावांनी पावती पुढे ओढली.

“मालक दोन. मग नातं लिहावं लागतं. काय लिहू… भाऊ-बहीण?”

“भाऊ-बहीण नाही!” ज्योतीराम एवढ्या घाईनं म्हणाला, की आवारात खसखस पिकली.

“मग काय?”

ज्योतीरामनं शालनकडे पाहिलं. शालननं जमिनीकडे पाहिलं. पायाचा अंगठा मातीत रुतला होता.

“यांचं मौन सुटल्यावर सांगतो,” तो म्हणाला.

“बरं, ती जागा कोरी ठेवतो. उद्या दुपारपर्यंत कळवा,” रंगराव मिशीत हसले.

गाडी चालू करायला रहिमान मिस्त्री आले होते. वकीलसाहेबांच्या हयातीत हॅलिडेचं दुखणंखुपणं तेच पाहायचे. ज्योतीरामनं फडकं सोडलं. आत पितळी भोंगा होता, लखलखीत, त्यावर हॅलिडेचं नाव कोरलेलं.

“या अल्ला!” मिस्त्रींनी भोंगा दोन्ही हातांत घेतला. “हा तर हिचाच! चोरीला गेला तेव्हापासून मुकी होती बिचारी. कुठे मिळाला?”

“पुण्यात, जुन्या बाजारात. याच्यापायीच तर वेड लागलं मला. आवाज माझ्याकडे, गाडी कुठे आहे पत्ता नाही!” मग शालनकडे चोरून पाहत तो म्हणाला, “आज दोन दोन मुक्या भेटल्या.”

शालननं पदर ओठांवर धरला. हसू लपवायला तेवढाच आडोसा!

दुपारभर इंजिनाशी झटापट करून मिस्त्रींनी भोंगा बसवला, हॅंडल मारलं. हॅलिडे दोनदा खोकली, शिंकली आणि थरथरत जागी झाली. ज्योतीराम स्टिअरिंगच्या चक्रापाशी, शेजारी शालन. मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन मागे बसले. “बिनधास्त बोला,” ते म्हणाले, “मला ऐकू जरा कमी येतं.”

गाडी हळूहळू चिंचवडच्या वाटेला लागली. भुरभुर पाऊस सुरू झाला. टपावर थेंबांची नाजूक टपटप, रस्त्याकडेला पिवळी तरवडाची फुलं, ओल्या मातीचा आणि जुन्या चामड्याच्या बैठकीचा मिसळलेला वास… ज्योतीराम बोलत होता, शालन मानेनं, भुवयांनी, बोटांनी उत्तरं देत होती. गावात शिरता शिरता एका अंगणात कुणी सवाष्णीनं तुळशीपाशी पणती ठेवली. मग दुसऱ्या घरात कंदील लागला.

शालननं डोळे मिटले, हात जोडले. “ॐ नमः शिवाय…”

ज्योतीरामनं गाडी जवळजवळ थांबवलीच. “असा आहे होय आवाज!”

“असा म्हणजे कसा?”

“मला वाटलं होतं, भांडकुदळ असेल.”

“आहेच. दिवसभराचं साठलंय. सकाळी देवळाच्या पायरीवर वहाणा घालून उभे होतात. टोपी सदा तिरकी. आणि माझी बोली बोलताना आवाज मुद्दाम बारीक करत होतात!”

“बाईमाणसाची बोली… म्हटलं जरा नाजूक बोलावं.”

“माझा आवाज तसा नाही.”

“नाहीच,” तो हळूच म्हणाला. “फार चांगला आहे.”

शालननं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग तिनं सांगितलं. बाबांचं दुखणं, चाकणहून निघालेली वरात, याच गाडीत बसलेली आई. आणि हेही सांगितलं, की सकाळी नदीकडे बोट दाखवायचं खरंच मनात आलं होतं. “देवाच्या पायरीवर होते म्हणून वाचलात.”

“पायरीला नारळ देईन,” ज्योतीराम म्हणाला. मग समोरच्या रस्त्याकडे पाहत, “म्हणजे या गाडीला वरातीची सवय आहे म्हणायची.”

शालननं कपाळावरचे ओले केस मागे सारले.

“उद्या रंगरावांना काय कळवू?”

“ते बाबांना विचारा.”

“बाबा बोलत नाहीत म्हणालात.”

“मान हलवतात.”

“आणि बाबांची मुलगी?”

“ती मुकी आहे आज.”

“दिवे लागले की!”

“वाऱ्यानं परत विझले,” शालन म्हणाली आणि बाहेर पाहू लागली. मागच्या बैठकीवर मिस्त्रींना उगाचच खोकला आला.

घर आलं. दारातल्या खुर्चीत उद्धवरावांना बसवून सोजराबाई वाट पाहत होती. आई गेल्यापासून हिनंच घर सांभाळलं होतं. ज्योतीरामनं भोंग्याचा फुगा दाबला.

भों… भों…

उद्धवरावांची मान वळली. डावा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि ते उठू लागले.

“अगं बया! मालक उठलं!” सोजराबाई धावली. तिच्या खांद्यावर भार टाकत ते पायरी उतरले, पावसात आले, गाडीपाशी आले. डाव्या हाताचा तळवा त्यांनी मागच्या बैठकीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग नजर वर आली. चक्रापासून उतरलेल्या त्या परक्या तरुणावर स्थिरावली. ओठ थरथरले. घशात काहीतरी अडलं, सुटलं…

“को… को… ण?”

शालनच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बाबा बोलले! चैत्रापासूनचा पहिला शब्द. देवानं ऐकलं होतं.

“को… ण?” उद्धवरावांनी पुन्हा विचारलं. मुलीच्या उत्तराची वाट पाहत.

साधा प्रश्न होता. नाव तिला ठाऊक होतं. लिलावापासून दिवसभर कानांवर पडलं होतं. नुसतं उच्चारायचं. पण आत्ता वाटेत एवढी घडाघडा बोलणारी जीभ त्या नावापाशी येऊन अडली. रेटून पाहिलं, नाही. आईनंही कधी बाबांचं नाव घेतलं नव्हतं…

“हे…” शालन म्हणाली. “बाबा, हे… हे आहेत.”

पुढे काही येईना. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग सोजराबाई गालाला हात लावून हसली. “कळलं का मालक? पोरगी नाव घीना!”

“मला काही ऐकू आलं नाही बरं का,” मागच्या बैठकीवरून रहिमान मिस्त्री म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

ज्योतीरामनं टोपी काढली. लिलावात त्या टोपीनं दोघांच्या बोली बोलल्या होत्या. आता ती त्याच्या हातात होती, आणि तो वाकला, उद्धवरावांच्या पायांशी. उद्धवरावांनी त्याच्या भिजलेल्या केसांकडे पाहिलं. लेकीच्या झाकलेल्या तोंडाकडे पाहिलं. दुसरा शब्द काही फुटेना. मग त्यांनी डावा हात लांबवला, भोंग्याचा फुगा मुठीत धरला आणि सगळी ताकद लावून दाबला.

भों…!

रंगरावांच्या पावतीतल्या कोऱ्या जागेत काय लिहायचं, ते त्या संध्याकाळी चिंचवडभर ऐकू गेलं.